बोटांचे बोलणे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. एका लहानशा व्हिडिओ स्टुडिओत माझे सारे आयुष्य गेले. मालकांनी सुटे भाग आणून मला स्वतःच्या हातांनी जोडले. लोक घरातल्या जुन्या कॅसेट आणत आणि मी त्यांच्या फाइली करून देई. चित्राच्या प्रत्येक सेकंदाला किती माहिती द्यायची, त्या आकड्याला बिटरेट म्हणतात. तो कमी ठेवला की फाइल आटोपशीर होते, पण हलणाऱ्या गोष्टी पुसट होतात. मालक तो कमीच ठेवत. "मोबाइलवर कोण एवढं निरखून बघतंय?" असे म्हणत. गिऱ्हाइके खूश होती. माझेही कौतुक होई.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई दिवंगत वडिलांची कॅसेट घेऊन आल्या. कॅसेटला बुरशी लागली होती. कशीबशी एकदा चालली आणि तुटली. चित्र तेवढे माझ्या पोटात उतरले होते. मालकांनी नेहमीच्या मापाने त्याची लहान फाइल केली. माझ्यात जागा उरली नव्हती, म्हणून ते मूळ चित्र पुसायला निघाले. लहान फाइल बघत बसलेल्या बाईंचा चेहरा उतरला.

"दादा, बाबा काय म्हणताहेत तेच कळत नाही."

"अहो ताई, आवाजच नाहीये त्यात."

"आवाज कुठून असणार? बाबांना ऐकू-बोलता येत नव्हतं. ते हातांनी बोलायचे. इथे बोटंच दिसत नाहीत, नुसता धुरळा."

मालकांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी स्वतःची जुनी कामे पुसून माझ्यात जागा केली, मूळ चित्राची पुन्हा फाइल करायला घेतली, दर्जा सगळ्यात वर नेला, बिटरेट कितीतरी पट वाढवला. मला ते झेपत नव्हते. अंग तापले, पंखा घरघरू लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

या वेळी बोटे एकेक सुटी दिसली. बघता बघता बाईंचेही हात उठले. त्या वडिलांना उत्तर देत होत्या.

"काय म्हणाले?" मालकांनी हळूच विचारले.

"मी शिवण शिकायला बाहेरगावी निघाले होते. 'सुईपासून बोटं जप,' म्हणताहेत. 'नाहीतर माझ्याशी बोलशील कशाने?'"

मालकांनी ती फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावली.

आता स्टुडिओत नवा, वेगवान संगणक आहे. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, चित्रे खुशाल लहान करा, जागाही वाचवा. पण त्यातले काय गेले तर चालेल, हे चित्रातल्या माणसाच्या जवळच्यांना विचारा. तोवर मूळ पुसू नका.