लाल उजेडातली तपासणी

"बाबा, अळ्यांचा काही दोष नाही. त्या उलट टाकीची झाडलोट करतात. खरा चोर तो खेकडा," जावई जेवताजेवता आपल्या वडिलांना सांगत होता, आणि समोर बसलेल्या सासूबाई ऐकत होत्या. वाक्य त्यांचं होतं. अगदी 'झाडलोट'सकट.

सासूबाईंना त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. एकतीस वर्षं बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या, जंतू ओळखले. खाली सही डॉक्टरांची. निवृत्त होऊन लेकीकडे आल्या, तर इथे जावयाची खाऱ्या पाण्याची टाकी, आत जिवंत प्रवाळ. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं. महिन्यापूर्वी कुणीतरी ते प्रवाळ कुरतडू लागलं. दिवे मालवले की दगडांच्या फटींतून केसाळ अळ्या बाहेर येत, म्हणून जावयाने सगळा आळ त्यांच्यावर घेतला आणि मारायच्या औषधाची बाटली आणली.

बाईंनी त्याला थांबवलं. टॉर्चला लाल कागद गुंडाळला, कारण पांढरा उजेड पडला की ही पिल्लावळ क्षणात गडप होते. मग भिंग घेऊन तीन रात्री टाकीसमोर स्टुलावर बसल्या. गुडघे धरले, तरी हलल्या नाहीत. अळ्या मेलेलं, सडलेलं तेवढंच खात होत्या. जिवंत प्रवाळ तोडत होता करंगळीच्या नखाएवढा एक केसाळ खेकडा, जावयानेच आणलेल्या दगडात लपून आलेला. बाईंनी दोघांची चित्रं काढली, बाजूला खुणा लिहिल्या आणि कागद जावयाच्या हातात दिला. तो 'बघू' म्हणाला, आणि कागदाचा फोटो काढून फोनवरच्या मासे पाळणाऱ्यांच्या गटात टाकला. तिथल्या कुणा तज्ज्ञाने एका ओळीत कळवलं, बरोबर आहे, खेकडा काढा. खेकडा निघाला. आता टेबलावर त्या तज्ज्ञाचे गोडवे चालले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे मी मंगळवारीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो आई, पण त्यांनी खात्रीने सांगितलं ना," जावई हसत म्हणाला.

लेकीने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. जाऊ दे म्हणायची तिची ती जुनी रीत. कुणी थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं, हा दाबलेला हात नको. डॉक्टर निदान परके तरी होते! आणि बाईंनी असं मागितलं काय होतं? 'आईंनी ओळखलं', एवढे दोन शब्द. त्याने कुणाच्या बापाचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीचे दिवे मालवल्यावर जावयाने त्यांना हाक मारली. काचेवर काहीतरी नवीन वळवळत होतं. "आई, बघा ना जरा. हे काय असेल? अंडी घालतंय वाटतं."

बाईंना भिंगाचीही गरज पडली नाही. पाठीत वाकलेला, आडवा पडून टुणकन उडणारा, तांदळाच्या कणीएवढा जीव. पोटाखाली अंडी धरलेली मादी. निरुपद्रवी. माशांना फुकटचा खाऊ. सगळं ओठांवर आलं होतं.

"मला नाही ओळखता येत," त्या म्हणाल्या. "तुमच्या तज्ज्ञांना विचारा."

तो खांदे उडवून फोन शोधायला गेला. बाई तिथेच उभ्या राहिल्या. जिरवल्याचं समाधान वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण ते वाटलं नाही. एकतीस वर्षांत कधी दिला नव्हता, तसा खोटा रिपोर्ट त्यांनी आज दिला होता.