अकरा नंबरची खिडकी

लोरेदानाने पेन्सिलीचं टोक नकाशावरच्या अकरा नंबरच्या खिडकीवर टेकवलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

टेबलाभोवती चौदा माणसं होती. कुणी चष्मा पुसू लागलं, कुणी कॉफीच्या कपात पाहिलं. मग चुंबकवाले म्हणाले की आमची नाही, निर्वातवाल्यांची असावी. निर्वातवाल्यांनी ती तापमान मोजणाऱ्यांकडे ढकलली, आणि तापमानवाल्यांना आजवर ती चुंबकवाल्यांचीच वाटत होती. खिडकी सगळ्या टेबलाला फेरी मारून पुन्हा लोरेदानापुढे आली.

सूर्याच्या पोटात जे घडतं ते पोलादी पात्रात घडवून पाहायचं, असं यंत्र पादोव्याच्या त्या संशोधन केंद्रात आखलं जात होतं, आणि आराखड्याची सगळी जबाबदारी लोरेदाना स्कियावोनवर होती. पात्र मधे भोक असलेल्या वड्यासारखं, त्याला सोळा खिडक्या. आत काय चाललंय ते मोजणारी उपकरणं त्यांतूनच डोकावणार. शुक्रवारी आराखडा गोठवायचा होता. त्यानंतर कारखान्यात पोलाद कापायला सुरुवात होणार, आणि मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी एक भोक इकडचं तिकडे होणार नव्हतं. आज मंगळवार होता.

अडचण होती ती तुलिओ मेनेगात्तीची. सहा वर्षं खपून त्याने न्यूट्रॉन मोजणारं उपकरण तयार केलं होतं. गेल्या महिन्यात त्याच्या खिडकीत थंड पाण्याचा जाडजूड नळ शिरला. नळाला दुसरी वाट नव्हती, आणि तुलिओलाही नव्हती. उपकरण आराखड्यातून वगळलं गेलं की डिसेंबरअखेर त्याची नोकरीही जाणार होती. आणि इथे अकरा नंबरची खिडकी रिकामी पडलेली, तिच्या मालकाच्या नावाचा रकाना कोरा.

"मग देऊन टाकू तुलिओला," लोरेदाना म्हणाली.

एवढं म्हणायचा अवकाश, तीन हात वर झाले. अनाथ पोरीला स्थळ आलं की सगळे मामा एकदम जागे होतात, तसंच झालं. चुंबकवाल्यांना आठवलं की तिथून एक तार न्यायचं कधीतरी बोलणं झालं होतं. बाकी दोघांनाही असंच काहीबाही आठवलं. पुरावा मात्र एकाकडेही नव्हता.

नियम सांभाळायचं काम फासोलोचं. तो घसा खाकरून म्हणाला, "खिडकी सोडायची तर मालकाची सही लागते."

"मालकच नाहीये."

"रकाना कोरा आहे म्हणजे मालक नाही, असं होत नाही, लोरेदाना. मालक माहीत नाही, एवढंच होतं."

"मग सही कुणाची घेऊ?"

"मालकाची," फासोलो शांतपणे म्हणाला.

बैठक तिथेच मोडली. बाहेर तुलिओ उभाच होता. त्याने एवढंच विचारलं की शुक्रवारपर्यंत आशा धरू की सामान आवरायला घेऊ. तीस वर्षं ह्या कामात घालवून आपल्याच नकाशातलं एक भोक आपल्याला उलगडत नाही, याची लोरेदानाला मनापासून लाज वाटली.

बुधवारी सकाळी तिने जुने नकाशे काढले. नऊ वर्षं, एकेचाळीस सुधारणा. नळ फिरले, चुंबकं फुगली, खिडक्या सरकल्या, पण अकरा नंबरला कुणी हात लावलेला नव्हता. जो तो ती दुसऱ्याची समजून जपत आला होता. सगळ्यात पहिल्या नकाशावर सही होती उल्देरिको साल्मासोंची. ते तिचे जुने साहेब, निवृत्त होऊन कियोज्जाला राहायला गेलेले. त्यांच्याशी तिचं बोलणं नेहमी कामापुरतंच असे, आणि काम संपल्यावर तेही संपलं होतं. तरी ती गाडी काढून निघाली.

साल्मासो स्वयंपाकघरात लाल पाल्याचे कडू गड्डे निवडत बसले होते. त्यांनी काही न विचारता तिच्यापुढे एक सुरी सरकवली. तीही बसली आणि वरची खराब पानं काढू लागली. मग तिने नकाशा उलगडला.

"अजून आहे होय ही?" ते म्हणाले. "मला वाटलं, एव्हाना कुणीतरी गिळली असेल."

"कुणासाठी होती, इंजिनिअरसाहेब?"

"कुणासाठीच नाही."

"म्हणजे?"

"शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी बळी जातोच. तेव्हा हाताशी एक जागा असावी, म्हणून ठेवली."

"मग तसं लिहायचं होतं की. दोन दिवस वेड्यासारखी मालक शोधतेय मी."

"रिकामी असं लिहिलं असतं, तर पहिल्या वर्षीच गेली असती. दुसऱ्याची वाटली म्हणून वाचली."

लोरेदानाला हसू आलं. म्हाताऱ्याने सगळ्यांना नऊ वर्षं गंडवलं होतं. साल्मासो मात्र हसले नाहीत.

"जुन्या यंत्राच्या वेळी माझ्याकडे अशी जागा नव्हती," ते म्हणाले. "तुझं उपकरण काढलं, तेव्हा."

चोवीस वर्षांत हा विषय दोघांनीही काढला नव्हता. ते उपकरण गेलं आणि ती मोजमापं सोडून नकाशांकडे वळली. पोरगी किती समंजस, असं सगळे म्हणाले. ती मुळीच समंजस नव्हती. आतून जळत होती, आणि स्वतःला कामाला जुंपून घेण्याशिवाय दुसरं काही तिला सुचलं नव्हतं.

"भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं, पोरी."

हातातल्या गड्ड्याची पानं ती काढतच राहिली, आणि बघता बघता नुसता देठ उरला.

निघताना तिने साल्मासोंना रकान्यात स्वतःचं नाव घालायला सांगितलं, म्हणजे खिडकी सोडल्याची सहीही लगेच घेता आली असती. साल्मासोंनी पेन हातात घेतलं आणि नाव लिहिलं. कागदाची घडी घालताना लोरेदानाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांना नमस्कारही न करता बाहेर आली.

गुरुवारी तिने तो कागद फासोलोपुढे ठेवला. फासोलोने अक्षर निरखलं, पहिल्या नकाशावरच्या सहीशी ताडून पाहिलं.

"परवा तर तू आम्हालाच विचारत होतीस."

"परवा मला माहीत नव्हतं."

मालकाला आपली मालकी कधीपासून ठाऊक असावी, याबद्दल नियमांत काही नव्हतं. फासोलोने ते दोनदा चाळून पाहिले आणि अर्ज पुढे केला. लोरेदानाने खिडकी सोडल्याची सही केली.

तुलिओ दारात वाट पाहत होता. बातमी ऐकून त्याने चेहरा पुसला आणि विचारलं, "पण शेवटी निघाली कुणाची?"

"माझी," लोरेदाना म्हणाली. "जरा उशिरा मिळाली."