टपावरची छत्री

छत्री म्हणजे डिश. पांढुर्ण्यात डिश कोणी म्हणत नाही, आणि छत्री बसवायची तर गुणवंताला बोलवा, असं वीस वर्षं चालत आलं आहे. तो गुणवंता मी. आता लोक सगळं मोबाइलवर पाहतात, म्हणून बोलावणी कमी झाली. ऐट मात्र तेवढीच आहे.

बोरगावचे भाऊराव फोनवर म्हणाले, "गुणवंता, माह्या संत्र्याच्या बगीच्यात नागपूरचे पाहुणे उतरले हायेत. गाडीतच घर हाये त्याइचं. टीव्ही लावून दे ना बापा."

गेलो. वत्सलाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते. तेरवी झाली आणि मी कामाला लागलो. रडलो नाही. गुणवंता दगडाचा आहे, असं बायका कुजबुजत होत्या. असेन. मला खरंच काही वाटत नव्हतं. ताटात पडेल ते खायचो आणि पडल्या पडल्या पंख्याकडे बघत राहायचो.

बगीच्यात एक लांबलचक ट्रॅव्हलर उभी होती. आत पलंग, गॅस, बेसिन, भिंतीला टीव्ही. यशवंतराव सर निवृत्त मास्तर, आणि त्यांच्या पत्नी करुणाताई. सर नीटनेटके, इस्त्रीचा सदरा, पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, सहाच्या आत लागेल ना? सहाच्या बातम्या दिसल्या नाहीत की हे घर शोधायला निघतात. काल हायवेपर्यंत पोचले होते. ट्रकचा हॉर्न ऐकला म्हणून मी धावले, नाहीतर..."

पावणेपाच वाजले होते. त्यांची छत्री खोक्यात होती, सोबत तीन पायांचा स्टँड. मला हसूच आलं. म्हटलं, "ताई, हे खेळनं हाये. छत्री उंचावरच शोभते." आयुष्यभर गच्चीच्या कठड्याला छत्र्या ठोकल्या, हात तिकडेच वळणार. टपावर चढलो, सामानाच्या जाळीला छत्री आवळली, तोंड आग्नेयेला केलं, वायर खिडकीतून आत घेतली. सिग्नल मोजायचा मीटर पीं करून ओरडला. खाली येऊन पाहतो तर चित्र आरशासारखं स्वच्छ. मिशीवर हात फिरवला.

तेवढ्यात सर उठले आणि दोन पावलं चालले. चित्र गेलं.

मी परत चढलो. आवळलं. आलं. सर उठले. गेलं. चित्र गेलं की सर बेचैन होऊन गाडीत येरझाऱ्या घालायचे, आणि ते थांबले की चित्र आपोआप यायचं. असं तीनदा झालं. मी वायर बदलली, छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा एलएनबी बदलला, कंपनीला शिव्या घातल्या. सव्वापाच, साडेपाच. सरांनी चपला घातल्या. "करुणा, घरी चल. उशीर झाला." ताई दाराला हात लावून आडव्या उभ्या राहिल्या.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. घर हलत नाही, गाडी हलते. सर चालले की स्प्रिंगांवर गाडी डुलते, आणि टपावरची छत्री आभाळातला नेम चुकते. वीस वर्षांचा मिस्त्री, आणि एवढं कळलं नाही. लाज वाटली. बावीस दिवसांत काही वाटलं असेल तर ते हेच.

छत्री उतरवून त्याच खेळण्याच्या स्टँडवर जमिनीत रोवली आणि पायांवर संत्र्यांनी भरलेली दोन कॅरेट ठेवली. सहाला पाच कमी असताना चित्र आलं. सर उठले, चालले, चित्र जागचं हललं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि बसले. ताईंनी दारावरचा हात खाली घेतला.

ताईंनी चहा दिला. बातम्या सुरू झाल्या. जाहिरात लागली तसं सरांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. गावात सगळ्यांना माहीत, विचारणार कोण? म्हटलं, "कोनी नाही. बायको होती, वत्सला. गेली." शब्द कोरडे निघाले, दुकानात भाव सांगावा तसे.

"अरेरे," सर म्हणाले. अगदी मनापासून.

पुढच्या जाहिरातीत ते पुन्हा माझ्याकडे वळले. "तुमच्या घरी कोण असतं?" ताई म्हणाल्या, "अहो, आत्ताच सांगितलं ना त्यांनी." मी म्हटलं, "राहू द्या ताई." आणि परत सांगितलं. या वेळी "गेली" म्हणताना मधे थांबावं लागलं. सर पुन्हा तसेच म्हणाले, "अरेरे."

हवामानाच्या बातमीआधी सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. चेहरा तोच, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा. मी कपाकडे पाहिलं. यांच्याजवळ काहीच उरत नाही, मग एकदा म्हणून बघायला काय जातं?

"बायको हाये," मी म्हटलं. "वाट पाहून राहिली."

"मग बसलात कशाला? निघा. करुणा, यांना थोडी संत्री दे घरी न्यायला."

मी उठायला गेलो आणि उठवेना. छातीतून काहीतरी असं वर आलं की कप हातातून सुटला. मी तोंडावर रुमाल दाबला, तरी आवाज निघालाच. मी रडत होतो, परक्याच्या गाडीत, हमसून हमसून. करुणाताईंनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रडता कशाला हो? आहे ना ती घरी?"

"हो," मी म्हटलं. "हाये."