काळ्या बॉनेटवरचं आभाळ

मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी एका काळ्याकुळकुळीत गाडीवर आभाळ घासून बसवलं आहे. ढगांसकट. शिवाय एक विमान चाललं होतं, तेही. हसा खुशाल. खरं बोलणाऱ्याला हसण्याची रीत जुनीच आहे.

मी फलालिनीच्या मऊ कापडाचा एक जुना तुकडा आहे. कडा विरल्या आहेत, एका कोपऱ्याला भोक आहे आणि मूळचा रंग कोणता होता हे आता मलाही आठवत नाही. गाडी ठेवायच्या शेडमध्ये, भिंतीवरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. शेजारी दोन बादल्या, गाडीच्या शांपूची बाटली, मेणाचा डबा आणि माझ्या जागेवर नेमलेला एक जाडजूड पिवळा टॉवेल आहे. टॉवेल अजून नवा आहे. सगळं कान देऊन ऐकतो. वयानं सुधारेल.

मला ड्रायव्हरकाकांनी आणलं ते त्यांच्या बाळाला गुंडाळायला. बाळ मूठभर होतं आणि दिवसभर चिवचिवाट करायचं, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. दोन वर्षं ती माझ्यात झोपली, माझ्यात शिंकली आणि आणखी काय काय केलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. रोज धुऊन धुऊन मी इतका मऊ झालो, की लोणी माझ्याकडे बघून मान खाली घालायचं. पुढे चिमणी वाढली आणि मी फाटलो. काकूंनी माझे चार तुकडे केले. एक शेगडीपाशी गेला, एक खिडक्यांना, एक बुटांना. चौथा काकांनी उचलला, स्वतःच्या गालावरून फिरवला आणि म्हणाले, "हा माझ्या गाडीला."

गाडी खरं तर साहेबांची होती. पण तीस वर्षं जो माणूस एखादी वस्तू रोज आंघोळ घालून पुसतो, त्यानं ती माझी म्हटली तर साहेबानंही गप्प बसावं. साहेब बसायचे.

काकांची एक पद्धत होती. गाडीला हात लावायच्या आधी ते मला गालावरून फिरवायचे. वर्दीची नोकरी, दाढी रोज गुळगुळीत. "गालाला टोचलं तर गाडीला टोचणार," असं म्हणायचे. वाळूचा कण सोडा, पिठाचा कण असला तरी त्या गालाला कळायचा. मग गाडी सावलीत घ्यायची. एका बादलीत शांपूचं पाणी, दुसरीत नुसतं. आधी टप, मग दारं, चाकं सगळ्यांत शेवटी. पुसताना हात नाकासमोर, सरळ, पुढून मागे. गोल गोल कधीच नाही. त्या काळात आमची गाडी इतकी चमकायची, की एकदा बॉनेटवर माशी बसली ती घसरून थेट शेजारच्या अंगणात पडली. लंगडतच घरी गेली बिचारी. आणि एक कावळा तीन दिवस स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. चौथ्या दिवशी साक्षीदार घेऊन आला.

मग काका निवृत्त झाले. वर्दी गेली, गाडी गेली, साहेब गेले. राहिलो मी, त्यांच्या खिशात. काका सकाळी उठून चहा घ्यायचे आणि मग काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. खुर्ची पुसायचे. पुसलेली खुर्ची पुन्हा पुसायचे. काकू म्हणायच्या, "अहो, तिचा रंग निघाला आता, सोडा की तिला." करायला काही नाही म्हणून त्यांनी दाढी राखली. पांढरीशुभ्र, दाट. आरशात बघून खूश व्हायचे.

चिमणी एव्हाना नर्स झाली होती. घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना तपासायची. रोज लांब लांब फेऱ्या. तिनं स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली. नवीकोरी, काळी. कोळशानं तोंड लपवावं अशी काळी. काकांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि खिशातून मला बाहेर काढलं.

"बाबा," चिमणी म्हणाली, "कोपऱ्यावर वॉशिंग सेंटर आहे. दर रविवारी तिथे देत जाऊ. तुम्ही आता आराम करा."

"आराम करून करून माझं कंबरडं मोडलंय," काका म्हणाले. "आणि काळ्या रंगाचं तुला काय माहीत? पांढरी गाडी पोटात घालते, काळी चहाडी करते. गाडी तुझी, धुणं माझं. हात अजून शाबूत आहेत माझे."

"बरं बाई," चिमणी म्हणाली. वडिलांना ती लाडात आली की बाई म्हणायची.

त्या दिवसापासून काका पुन्हा शिटी वाजवत उठू लागले. मित्रांनो, त्या धुण्यात त्यांचं सगळं होतं. ते काढून घेतलं असतं तर पुन्हा खुर्चीच.

आणि तिथेच माझ्याकडून घात झाला. एका मंगळवारी मी काकांच्या हातातून निसटून नळाजवळच्या वाळूत पडलो. काकांनी मला उचललं, तीनदा झटकलं आणि नेहमीसारखं गालाला लावलं. पण मध्ये दाढी होती ना! त्या जंगलात वाळू काय, खडा असता तरी कळला नसता. मी जीव तोडून ओरडलो. वाळूचे कण गिळून टाकायचाही प्रयत्न केला. पण फलालिनीचा स्वभाव धरून ठेवण्याचा, गिळण्याचा नाही. काका शिटी वाजवत बॉनेट पुसत राहिले. नाकासमोर, सरळ, पुढून मागे.

काकांना काही दिसलं नाही. काळ्या गाडीवरच्या बारीक रेघा सावलीत दिसत नाहीत आणि काका गाडी धुणार ती सावलीतच. चिमणीला त्या दिसल्या दुपारच्या उन्हात, एका बाळंतिणीच्या दारात. काकूंना दिसल्या दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना. दोघींना कळलं, हे कोणाच्या हातून झालं. दोघी गप्प राहिल्या, एकमेकींनाही बोलल्या नाहीत. चिमणी घरी आली की गाडी झाडाच्या दाट सावलीत लावायची. काकू काही निमित्त काढून काकांना उन्हाच्या वेळी आत बोलावायच्या. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

रविवारी काका गाडी धुऊन पुसत होते. शिटीच्या नादात वेळ गेला, सावली सरकली आणि ऊन धाडकन बॉनेटवर आलं.

काकांची शिटी थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी!" चिमणी दारातून ओरडली.

"मी!" काकू खिडकीतून ओरडल्या.

आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"माझ्या जॅकेटची झिप घासली, बाबा. परवा. घाईत होते."

"तिचं काय ऐकता? मीच ती पिसांची झटकणी घेऊन कोरडी धूळ झटकली. म्हटलं, तुमचं काम हलकं करावं."

"आई, तू मध्ये बोलू नकोस!"

"मोठ्यांना गप्प करतेस होय गं?"

काका दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "वा! एक चोरी आणि चोर दोन. आणि दोघी कशा हौसेनं पुढे आल्यात!" मग ते वाकले आणि रेघांवर बोट ठेवलं. "झिपेनं एक ओरखडा येईल. झटकणीनं वेडेवाकडे येतील. हे बघा. वहीत आखल्यासारखे आहेत. सरळ. नाकासमोर." ते थांबले. "या घरात असा हात एकाचाच फिरतो."

काकांनी मला गालाला लावलं. पुन्हा लावलं. त्यांना काही लागलं नाही. मग त्यांनी मला चिमणीपुढे धरलं. "तू बघ गं."

तिनं मला गालाला लावलं. चोवीस वर्षांनी तो गाल मला पुन्हा भेटला, मित्रांनो, आणि मी काय केलं? टोचलो.

"टोचतंय?" काकांनी विचारलं.

तिला खोटं बोलायचं होतं. पण तिचा डोळा आधीच बारीक झाला होता.

"थोडंसं," ती म्हणाली.

काकांनी मला तिच्या हातात सोडलं. हळूच, जसं तान्हं बाळ कोणाला सोपवावं. "उद्यापासून गाडी त्या सेंटरला देत जा, चिमणे. माझं झालं आता." आणि ते पायरीवर बसले. चोवीस वर्षं त्यांच्या खिशात राहिलो, पण तो माणूस इतका लहान झालेला मी कधी बघितला नव्हता.

चिमणी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ मला घडी घालत राहिली आणि उलगडत राहिली.

"बाबा, त्या सेंटरमधला माणूस फडकं आधी स्वतःच्या गालाला लावून बघेल?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही ना? मग कशाला देऊ त्याला? तुमचा हात चुकलेला नाही. गाल झाकला गेलाय, एवढंच."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग दाढीवरून हात फिरवला. उठले, तरातरा आत गेले आणि न्हाणीघराचं दार लागलं. आत पाणी वाहत राहिलं. बाहेर काकू म्हणत होत्या, "अगं, ऐक तरी, काय करतायत ते बघ." तेवढ्यात दार उघडलं. दाढी नाही. एका ठिकाणी कापलेलं, तिथे कागदाचा कपटा चिकटवलेला.

"अगंबाई!" काकूंनी तोंडावर हात धरला. "हे कोण? साहेबांच्या गाडीवर पाहिल्यासारखे वाटतात!"

"हसा," काका म्हणाले. "आणि चिमणे, तू बाह्या सरसाव. आज शिकवतो तुला."

त्या दिवशी दोघांनी मिळून बॉनेट केलं. आधी नुसत्या पाण्यानं वाळू वाहून घालवली. मग काकांनी पॉलिश घेतलं, वाटाण्याएवढं, आणि स्वच्छ पॅडनं रेघांवरून हलकेच फिरवलं. चिमणीनं जोर लावला तशी त्यांनी तिच्या मनगटावर टिचकी मारली. "रंगावर पारदर्शक थर असतो तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा. रेघ काढायच्या नादात थरच काढशील. थांबायचं कुठे हे ज्याला कळतं, तो पुसणारा. बाकीचे घासणारे." मग मेणाचा पातळ हात. ते सुकल्यावर ती मऊ कापडानं पुसू लागली. गोल गोल. काकांनी तिचा हात धरला आणि सरळ केला. नाकासमोर. दोघांचे हात एकावर एक असे बॉनेटभर फिरले.

मला त्या दिवशी कोणी बॉनेटला हात लावू दिला नाही, आणि बरोबरच केलं. माझ्या विणीत शिरलेली वाळू काही केल्या निघाली नाही. काकूंनी मला सातदा धुतलं आणि फळीवर ठेवलं. टाकलं मात्र नाही. पुढच्या आठवड्यात पिवळा टॉवेल आला.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावू नका. कोरडी धूळ पुसू नका. पक्ष्यानं घाण केली तर संध्याकाळची वाट न बघता ओल्या कापडानं उचला. एवढं गाडीचं. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारा माणूस जीव लावून एखादं काम करत असेल, तर त्याच्या हातून चूक झाली म्हणून ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. जवळ बसा. चुकलं कुठे ते त्याच्याबरोबर शोधा.

आणि त्या रेघांचं म्हणाल, तर सगळ्या गेल्या. एकही उरली नाही. बॉनेट पहिल्या दिवसासारखं झालं, कुठे नखाएवढाही डाग...

"खोटं!" पिवळा टॉवेल फळीवरून ओरडला. "साफ खोटं, आजोबा! एक रेघ आहे अजून. डाव्या बाजूला, काचेच्या खाली, वीतभर. मी दर रविवारी तिच्यावरून जातो की! काका तिथे आले की थांबतात आणि विचारतात, 'ही तेवढी बघू का काढून?' आणि चिमणीताई दर वेळी म्हणते, 'राहू द्या ना बाबा. ती माझ्या झिपची आहे.'"