पहिला थेंब

बलगासमकाकांच्या ऑलिव्हच्या घाण्यावर नव्या तेलाचा निकाल एका वाक्यात लागायचा. काका वाटी उजेडाकडे धरायचे, हुंगायचे, जिभेवर घ्यायचे आणि बहुतेक वेळा मान हलवून पुढे जायचे. वर्षातून एखाद्याच वाटीला ते म्हणायचे, "हे विकायचं नाही." मग ते तेल घरच्या रांजणात जायचं. जर्जिस गावातल्या त्यांच्या खानदानात मूल जन्मलं की त्या रांजणातला थेंब काका आपल्या बोटाने त्याच्या जिभेवर ठेवायचे. अशी एकतीस मुलं झाली. त्यातलं एकही कधी आजारी पडलं नाही, असं काका सांगत. त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ते तिला कोणी विचारत नसे.

बत्तिसावी आली ती दहा आठवडे आधीच. धाकट्या लेकीची, मब्रूकाची मुलगी. ऐन हंगामात ऑलिव्हची पोती घाण्यापुढे तशीच टाकून काका जिल्ह्याच्या इस्पितळात धावले. पोट चिरून बाळ काढलं होतं, मब्रूकाला कूसही बदलता येत नव्हती.

"बाबा, थेंब दिलात?" तिने आधी तेच विचारलं.

"निघालोच आहे," काका म्हणाले. कुपी रुमालात गुंडाळून खिशात होती.

काचेच्या पेटीतला तो जीव पाहून मात्र काका दारातच थांबले. वजन बाराशे ग्रॅम. पातळ कातडीखाली शिरा न् शिरा दिसत होती. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि पोर कण्हत होती. डॉक्टरीणबाई औषध आणायला गेल्या होत्या. काकांनी बूच काढलं, बोट बुडवलं आणि पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला.

कोणीतरी त्यांचं मनगट धरलं. नजाह नावाची परिचारिका होती, जर्जिसचीच पोर.

"काका, हात बाहेर."

"एकच थेंब गं."

"तो थेंब फुफ्फुसात उतरला तर तुमच्याच हाताने नात जाईल."

त्यांच्या तेलाबद्दल असं उभ्या आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. "माझ्या तेलाने?"

"तुमच्या तेलाने. आणि गंमत अशी की हिला कमी पडलीय तीही चरबीच."

"तुम्ही एकदा काय ते ठरवा," काका उसळले. भीतीने माणूस आधी चिडतो. "दहा वर्षं मला मेंढ्याच्या शेपटीची चरबी खाऊ देत नाही. कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉल करून जीव खाल्लात."

"कोलेस्टेरॉल नसतं तर मिशा फुटल्या नसत्या तुम्हाला. मिशा आणणारा रस त्याचाच बनतो. अंगातल्या एकूण एक पेशीच्या भिंतीत ते असतं. वाईट ते जास्तीचं."

काकांचा हात नकळत मिशीकडे गेला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. बारीक नळीतून त्यांनी दुधासारखं पांढरं काहीतरी पोरीच्या श्वासनळीत सोडलं. नजाहने त्या औषधाची रिकामी कुपी उचलली, दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत काकांचं तेल टाकलं. ते गोल तवंग धरून वर बसलं.

"हे मला शिकवतेस? पाण्यावरचं तेल तळहाताने निपटण्यात माझं बालपण गेलंय. तेल आणि पाणी म्हणजे सवती सवती."

"आता हे बघा." औषधाच्या कुपीच्या तळाचे थेंब तिने दुसऱ्या वाटीत टाकले. सगळं पाणी पांढुरकं झालं, वर तवंग म्हणून उरला नाही. "हीसुद्धा चरबीच. हिचं एक टोक पाण्याचा हात धरतं, दुसरं पाण्याकडे पाठ फिरवतं. फुफ्फुसातले बारीक फुगे आतून ओले असतात, मिटले की चिकटून बसतात. हिचा थर असला की पुन्हा उघडतात. पोटात शेवटच्या आठवड्यांत हा थर तयार होतो. ही त्याआधीच आली. म्हणून गाईच्या फुफ्फुसातला आणून दिला."

पाण्याशी न भांडणारी चरबी. पन्नास वर्षं तेलात हात घालून काकांनी ती पाहिली नव्हती, आणि ती प्रत्येक श्वासाला त्यांच्याच छातीत राबत होती. ते वाटीकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने पेटीतलं कण्हणं थांबलं. बरगड्या आत जाईनाशा झाल्या.

काकांनी डोळे पुसले. "मग माझं तेल फुकटच म्हणायचं."

"फुकट कसं? हिच्या कातडीखाली ऊब धरायला चरबी लागेल, मेंदू बांधायला लागेल. मेंदू वाळवला तर निम्म्याहून जास्त तीच निघते. तेल पोचवा, पण आईच्या दुधाच्या वाटेने."

काका मब्रूकाकडे गेले. "थेंब दिला नाही मी," ते म्हणाले. तिचा चेहरा उतरला. काकांनी घरून आणलेलं भाजलेलं जवाचं पीठ काढलं, सगळी कुपी त्यात रिकामी केली आणि आपल्या हाताने बसीसा कालवला. "थेंब तू द्यायचास. खा."

ती रडत रडत खात होती, आणि काका घास करून देत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नजाहने काकांना हाक मारली. तिच्या हातातल्या पिचकारीत चमचाभरही नसेल एवढं पिवळसर दूध होतं, मब्रूकाचं पहिलं. नळीतून पोटात सोडण्याआधी तिने ते काकांपुढे धरलं. काकांनी ते उजेडाकडे वळवलं, डोळे बारीक केले, सवयीने हुंगलंही. बराच वेळ घेतला.

"हे," ते म्हणाले, आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली, "हे विकायचं नाही."