चौथ्या भिंतीचा साक्षीदार

त्या सकाळी आमच्या वाल्डेनेकच्या गढीत कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गादीचा धनी एबरविन उन्हाळ्यात शिकारीला गेला तो घोड्यावरून पडून मेला, आणि आज त्याची बायको इर्मेनगार्ट कळा देत होती. मी तिची दाई, रिख्लिंट. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आमच्याकडे रिवाजच तसा. बाप गेल्यावर जन्मलेल्या पोराचं रडणं घराच्या चारही भिंतींबाहेर ऐकू गेलं पाहिजे, आणि चार पुरुषांनी तशी साक्ष दिली पाहिजे. तरच पोर जिवंत जन्मलं असं धरायचं, तरच जहागीर त्याची. नाहीतर ती धाकट्या दिराची, गेबहार्टची, आणि विधवेनं रिकाम्या हातांनी माहेरची वाट धरायची. त्यात चौघांपैकी एक साक्षीदार कुळातला लागतो, आणि कुळात पुरुष उरला होता गेबहार्ट एकटाच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

मुलगा झाला, पण आवाज करीना. मी पाठीवर एक धपाटा घातला, दुसरा घातला. मग त्यानं असा टाहो फोडला की मला रडूच आलं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

खाली चौकात न्यायाला मठाधिपती बसले होते. त्यांनी एकेका भिंतीकडच्या माणसाला विचारलं.

"ऐकलं," लोहार म्हणाला.

"ऐकलं," पुढच्या दोन भिंतींकडचे दोन सरदार म्हणाले.

गेबहार्ट आमच्या खिडकीखालीच उभा होता. "मला काही ऐकू आलं नाही बुवा," तो म्हणाला. "भिंत जाड आहे."

माझं डोकं सणकलं. पोर अजून बेंबीच्या देठापासून रडत होतं आणि हा मेला धडधडीत खोटं बोलत होता. तेवढ्यात इर्मेनगार्ट उठून बसली.

"रिख्ले, मला खिडकीशी ने. बाळाला घेऊन तूही ये."

"बाईसाहेब, उठू नका. रक्त जातंय."

"ने म्हणते ना."

तिनं खिडकीच्या कठड्यावर हात टेकले. तोंड पांढरं पडलं होतं.

"भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "मी जहागिरीवरचा हक्क..."

पुढचं तिनं ओठांतल्या ओठांत म्हटलं. एवढं सोसून ही आता शरण जाणार? मनातल्या मनात मी तिला शिव्या घातल्या.

गेबहार्ट लगबगीनं पुढे आला. लाळ गळायचीच बाकी होती. "काय म्हणालात वहिनी? हक्काचं काय?"

ती पुन्हा पुटपुटली. बाळ माझ्या हातांत रडून आभाळ डोक्यावर घेत होतं.

त्यानं मान उंचावली, कानामागे हात धरला आणि वैतागून ओरडला, "अहो वहिनी, आधी त्या कार्ट्याला गप्प करा. त्याच्या रडण्यात तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही मला."

मठाधिपती सावकाश उठले.

"कोणाच्या रडण्यात म्हणालास, गेबहार्ट?"

लोहार फिस्सकन हसला. मी बाळाला गप्प करायला गेले, तर इर्मेनगार्टनं माझा हात धरला.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "धनी आहे तो इथला."