गळका अनुस्वार

शहापूरच्या ताराचंदने भाचीच्या लग्नासाठी पितळी गुंड मोबाइलवरून मागवला, तेव्हा तो ज्या खाटेवर बसला होता तिथून भंडाऱ्याचा भांडेबाजार एसटीने अर्ध्या तासावर होता. पितळेच्या भांड्यांसाठी ज्या शहराचं नाव लोक लांबून घेतात, त्याच्या उंबरठ्यावर बसून ताराचंदने पितळ दिल्लीकडून आणवलं. वैनगंगेकाठच्या माणसाने बाटलीतलं पाणी मागवावं तसं हे झालं. तेही त्याच्या घरी येतंच.

गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं मोठं भांडं, गोल पोटाचं आणि आखूड मानेचं. पुण्यामुंबईकडे गुंड म्हणजे दुसरीच वस्तू. तीही वरून चकचकीत आणि आतून पोकळ असते, पण तिला मतं मिळतात.

ताराचंदच्या घराण्यात भाचीच्या लग्नात गुंड मामाने द्यायचा, त्यावर मामाचं नाव कोरायचं, आणि सासरी गेल्यावर नवरीने पहिलं पाणी त्याच गुंडाने भरायचं, अशी रीत आहे. सोन्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही, ते मोडलं जातं. गुंडावरचं नाव मात्र तीन पिढ्या वाचलं जातं. ताराचंदच्या आईचा गुंड अजून घरात आहे आणि त्यावर तिच्या मामाचं नाव आहे. त्या मामाने आयुष्यात दुसरं काय केलं हे कोणालाच माहीत नाही, आणि कोणाला विचारावंसंही वाटत नाही. गुंड जड आहे, एवढं पुरतं. ताराचंदलाही तेवढंच हवं होतं: भाचीच्या, हर्षाच्या, नातवंडांनी आपलं नाव वाचावं.

भांडेबाजारात न जाण्याला कारण होतं केशवराव. ताराचंदच्या घरची सगळी भांडी त्यांच्याच दुकानातली. पण केशवराव भांड्याआधी गिऱ्हाइकाला जोखतात, आणि तेही चारचौघांत. मागच्या दिवाळीत ताराचंदने जरा हलकी परात उचलली, तर म्हणाले, "ताराचंदभाऊ, याच्यात कणीक भिजवाची हाये का फोटो काढाचा हाये?" दुकानातल्या तीन अनोळखी बायका हसल्या. मोबाइल असं काही बोलत नाही. तो म्हणतो, 'उत्तम निवड.' आजवर ताराचंदला असं कोणी म्हटलं नव्हतं.

खोका आला तेव्हा ताराचंदच्या बायकोने, सत्यभामेने, तो एका हाताने उचलला.

"रिकामाच पाठवला का जी?"

"नवीन टेक्निक हाये. आता जड बनवत नाही."

"मंग पितळ कायले म्हनतेत? फुगा म्हना."

तेवढ्यात मोबाइलने ताराचंदला विचारलं, वस्तू कशी वाटली? खोका अजून बंद होता. त्याने पाच तारे दाबले आणि खाली लिहिलं, 'लय सुंदर गुंड.' मग खोका फोडला.

गुंड दिसायला खरंच सुंदर होता. त्याच्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता. सत्यभामेने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. पितळ ठोकलं की त्याचा आवाज घरभर फिरून येतो. हा गुंड 'थप' म्हणाला आणि गप्प बसला.

शहाण्या माणसाने आता त्यात पाणी भरून पाहिलं असतं. ताराचंदने आधी नाव कोरून घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव पडल्याशिवाय ते आपलं होत नाही. आणि एकदा नाव पडलं की ते दुसऱ्या कोणाचं होत नाही, विकणाऱ्याचंसुद्धा. हा दुसरा भाग मोबाइलच्या अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेला होता.

नाव कोरणारा इश्वर आठवडी बाजारात मशीन घेऊन बसतो. त्याने गुंड मांडीवर घेतला, दोन बोटांनी दाबला. बोटं काढल्यावर तिथे खळी पडलेली होती.

"भाऊ, पत्रा पातळ हाये."

"तू कोर. ब्रँडेड हाये."

इश्वरने कागदावरचा मजकूर वाचला: 'चि. हर्षा हिस ताराचंद मामांकडून सप्रेम.' मशीन घुरघुरायला लागलं. पहिल्या ओळीला काही झालं नाही. 'तारा' झालं, 'च' झाला. मग इश्वरने हात उचलून 'च'च्या डोक्यावर टिंब दिलं, आणि मशीनचा आवाज एकदम बदलला.

इश्वरने गुंड उन्हाकडे धरून आत पाहिलं. आतल्या अंधारात एक बारीक तारा चमकत होता.

"अनुस्वार पार गेला, भाऊ."

"म्हंजे?"

"म्हंजे भोक पडलं. आता पुढं 'मामांकडून' हाये, त्याच्यावर आनखी एक अनुस्वार हाये. देऊ का?"

ताराचंदने विचार केला. असा प्रश्न आयुष्यात फार थोड्यांना पडतो.

"तो नोको देऊ. 'मामाकडून' लिव."

"आदर कमी होते."

"होऊ दे. पानी राहिलं पाह्यजे."

पाणी राहिलं नाही. घरी गुंड भरला तर ताराचंदच्या नावातल्या बरोबर त्या टिंबातून बारीक धार लागली आणि सत्यभामेच्या पायावर पडली. धार अतिशय सुबक होती. कंपनीने त्या गुंडाबाबत मन लावून केलेलं तेवढंच काम असावं.

लग्नाला आठ दिवस होते. ताराचंदने मोबाइलमध्ये तक्रार टाकली. 'वस्तूवर खाडाखोड केलेली असल्यामुळे बदलून मिळणार नाही,' असं उत्तर इतक्या लवकर आलं, की ते तक्रारीच्या आधीच निघालं असावं. भाचीचं नाव ही खाडाखोड कशी, हे विचारायला त्याने फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, तक्रारीसाठी सात दाबा, थांबण्यासाठी काहीही दाबू नका. तीन दिवस तो थांबला. चौथ्या दिवशी एक माणूस बोललं. आवाज पुण्याकडचा, गोड, नाव उर्वशी.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"मॅडम, तुमच्या कंपनीनं माह्या घरी खराब गुंड पाठवला."



"सर, गुंड? आमच्या कंपनीने?"

"हो. बिल हाये ना माह्याजवळ."

"किती जण आहेत, सर?"

"एकच. मी एकच मागवला होता."

"तुम्ही स्वतः मागवला?"

"भाचीचं लग्न हाये. आमच्याइकडं लग्नात मामालेच गुंड आनावा लागते."

"लग्नात... बरं. आता तो कुठे आहे, सर?"

"आंगनात उभा हाये. किती ठोका, आवाजच नाही करत."

"सर, कृपया मारहाण करू नका."

ताराचंदला ही बाई जरा हळव्या मनाची वाटली, पण चार दिवसांत त्याच्या गुंडाची एवढी काळजी कोणीच केली नव्हती. त्यामुळे तो मोकळेपणी बोलायला लागला.

"मारून काय फायदा, मॅडम? पोटाले भोक हाये त्याच्या. इश्वरनं एकच टोचा देल्ला, पार गेला. पानी टाकलं का पोटातून धार लागते."

"सर, तुम्ही पोलिसांना कळवलंय का?"

"पोलीस काय करन? तुमीच न्या परत."

"सर, प्लीज लाइनवर राहा. मी वरिष्ठांना देते."

चार दिवस जे भोक कोणाला दिसत नव्हतं, त्याच्यासाठी दहा मिनिटांत वरिष्ठ आले. ते ठरलेलं मराठी बोलत होते, वकिलाने शेजारी बसून सांगावं तसं. "सदर इसमाशी आमच्या कंपनीचा कोणताही संबंध नाही. शिवाय आमच्याकडे आपला स्वतःचा अभिप्राय आहे. आपण लिहिलंय, 'लय सुंदर गुंड.' म्हणजे आपण त्याला आधीपासून ओळखता."

"अजी, तवा मी खोका खोलला नोहता."

"तो खोक्यात होता?"

ताराचंद हो म्हणाला. फोन बंद झाला.

संध्याकाळी मोबाइलवर पत्र आलं. ताराचंदने ते दोनदा वाचलं, मग सत्यभामेला वाचून दाखवलं. 'आमची कंपनी कोणत्याही गुंडास ग्राहकाच्या घरी पाठवत नाही. आपल्या घरी असलेला गुंड नेण्यासाठी आमचा प्रतिनिधी येऊ शकणार नाही. कृपया त्यास जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे.' त्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, आणि त्याखाली रिकामे पाच तारे.

"ठान्यात कायले जमा कराचा?" सत्यभामा म्हणाली. "केशवरावच्या दुकानात न्या. भोक बुजवून देईन तो."

लग्नाला चार दिवस उरले होते. ताराचंदने गुंड पोत्यात गुंडाळला आणि भंडाऱ्याला गेला. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी, म्हणजे भर दुपारी गेला. केशवरावांनी पोतं उघडलं, गुंड उचलला, आणि उचलताना हात अपेक्षेपेक्षा वर गेला म्हणून स्वतःच हसले.

"कुठून आनला गा?"

"पाहुन्यानं देल्ला."

"पाहुन्याचं नाव बी ताराचंदच हाये वाटते."

केशवरावांनी गुंड नखाने खरवडला. खाली पांढरं निघालं.

"हे पितळ नोहे, ताराचंदभाऊ. हा पितळेचा फोटो हाये. याले आच दाखवली का भोक राहीन अन् गुंड जाईन."

मग ते आत गेले आणि एक गुंड घेऊन आले. दोन्ही हातांनी आणला. फळीवर ठेवला तेव्हा फळी करकरली. त्यांनी तो बोटाने ठोकला आणि आवाज विरेपर्यंत थांबले.

"हा ने. पैशाचं लग्न झाल्यावर पाहू. हर्षा आपलीच पोरगी हाये. फक्त तुहा हा गुंड इथं सोडून जा."

"कायले?"

"दुकानाच्या दारात टांगतो. नावासकट. मोबाइलवर भांडी घेनाऱ्याइनं वाचलं पाह्यजे."

ताराचंद दोन्ही गुंडांकडे बघत उभा राहिला. एकीकडे हर्षाला खरं पितळ मिळत होतं, ज्याच्यावर नाव कोरायला इश्वर होता आणि मजकुरात दोन्ही अनुस्वार बसले असते, आदरासह. दुसरीकडे त्याचं नाव भांडेबाजाराच्या तोंडाशी लोंबणार होतं, आणि शहापूरचं एकही माणूस असं नाही जे महिन्यातून एकदा त्या रस्त्याने जात नाही. भाचीला चांगलं भांडं मिळावं, की आपलं नाव वाचावं? मामाने फार वेळ लावला नाही. गळका गुंड पोत्यात गुंडाळला आणि परतीची एसटी धरली.

"मंग?" सत्यभामेने विचारलं.

"धान भरून देऊ."

"काय?"

"गुंडात धान भरून देऊ. धान गळत नाही."

करडीला सुंदरबाईच्या, म्हणजे ताराचंदच्या बहिणीच्या दारात मांडव पडला. आहेर माइकवर पुकारले जात होते. पुकारणारा म्हणाला, "नवरीच्या मामाकडून पितळी गुंड, अन् गुंडात घरचं नवीन धान." मांडवात कुजबुज झाली. असं कोणी केलं नव्हतं. सुंदरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेरची लक्ष्मी भरून पाठवली, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. ताराचंदने नजर खाली घेतली, आणि लोकांना तो विनय वाटला. गुंडाची नावाची बाजू भिंतीकडे होती. ती त्याने स्वतः फिरवली होती. दोन मामा त्याच्याजवळ येऊन किती पायली बसते विचारून गेले. पुढच्या लग्नसराईत आमच्या भागात धान भरलेले चार गुंड दिले गेले. ते चांगले जड होते, आणि ती रीत आता जुनी आहे असं सांगणारे म्हातारेही तयार झाले आहेत.

सत्यभामा जेवणाच्या पंगतीत एवढंच म्हणाली, "धान कधी ना कधी संपते, जी."

ते तिसऱ्या दिवशीच संपलं, म्हणजे नाकाडोंगरीला हर्षाच्या सासूने, गोदावरीबाईने, ते कोठीत ओतलं आणि सुनेला पहिलं पाणी आणायला पाठवलं. हापशीपासून घरापर्यंत हर्षा कमरेवर गुंड घेऊन आली, आणि नवं लुगडं एका बाजूने भिजलं. चार बायका दारात उभ्या होत्या. गोदावरीबाईने गुंड खाली ठेवला, धार कुठून येते ते वाकून पाहिलं, आणि तिला वाचता येत असल्यामुळे वाचलंही.

आठवड्याने ताराचंदला हर्षाचा फोन आला. तो खाटेवर बसला होता. खाट तीच, मोबाइलही तोच.

"मामाजी, जेवले का?"

"जेवलो. तू बरी हायेस ना बाई? सासू काही बोलली?"

"नाही बोलली. उलट खूश हायेत. तुळशीसाठी कुंडी पाहून राहिल्या होत्या, अन् कुंडीले भोक पाडावं लागते. तुमी पाडूनच देल्लं म्हनते."

"म्हंजे गुंडात तुळस लावली?"

"हो ना. आंगनात, रस्त्याकडं तोंड करून. गावची समदी इथूनच जाते, बसस्टँड समोरच हाये. रोज सकाळी मी पानी टाकतो अन् तुमच्या नावातून गळते. पोट्टे थांबून वाचतेत."

ताराचंदने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"मामाजी, एक सांगू? रोजच्या पान्यानं त्याचं पितळ उतरून राहिलं. पन तुमी कायजी नोका करू. नाव आता अजूनच साफ दिसते."